पहिली कढई

बोरवस्ती, ता. राहुरी
दि. २ ऑगस्ट १९९४

चि. गहिनीनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

माथ्यावर श्री घातलेला न्हाई. दुखवट्यातलं पत्र हाय. तू कारखान्यात बसून मोठमोठे कागद हाताळतोस, अक्का श्री घालायची विसरली म्हणून हसशील, म्हणून आधीच लिवलं.

तेराव्याला आलेली माणसं एकेक करून गेली. राधाकृष्णची रजा संपली, तोबी नगरला कंपनीत गेला. मला म्हणाला की आई, तू माझ्याकडं चल. मी इचारलं की तुझ्या त्या एवढ्याशा खोलीत मला काय खुंटीला टांगणार हायेस का. तेव्हा जरा हसलं बिचारं. आता घरात मी एकटी.

घर इतकं गप झालंय की भिंतीपलीकडं जाऊबाई भाकरी थापती त्याचा आवाज इथं येतो. आधी आमच्या घरातला आवाज तिकडं जायचा. कालवणात मीठ कमी पडलं की तुझे दाजी असे ओरडायचे की रस्त्यानं चाललेला टेम्पोवाला गाडी थांबवून बघायचा. एवढी कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, तरी दवाखान्यात त्या अळणी खिचडीवरून नर्सबाईशी भांडले. तू हुतासच की तिथं.

आता कामाचं. येत्या आठवड्यात पंचमी. आमच्या भावकीची रीत तुला ठाऊक हाय. घरधनी गेला की त्या घरातली कढई खाली उतरून ठेवतात. मग मागं राहिलेल्या बाईचा भाऊ त्याच्या घरचं तेल घेऊन येतो, चुलीवर कढई चढवतो, त्याच्या हातानं पहिलं तळण काढून बहिणीला घास देतो. तवा दुखवटा फिटला. तोवर भावकीतल्या कुठल्याच घरात तळण न्हाई आन सणबी न्हाई.

तर तू पंचमीला येऊ नको. कढई मी घासून फळीवर पालथी घातली हाय, ती तिथंच बरी. ती चुलीवर चढली, तेल तापलं, की हे गेले यावर सगळ्यांचा शिक्का बसला. मला तो एवढ्यात नको. ज्या माणसाला शेवटी तेलाचा थेंब दिला न्हाई, त्याच्यामागं तळण करून खायचं, हे माझ्यानं कसं व्हावं?

तेराव्याला तू पानावरनं तसाच उठलास, मी बघितलं. खात जा. बनूला आन लेकरांना आशीर्वाद. अक्कावर माया हाय तशी असू दे.

तुझी अक्का
पुष्पावती


कारखाना कॉलनी, कोपरगाव
दि. १३ ऑगस्ट १९९४

ती. अक्काच्या चरणी गहिनीनाथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. तू श्री विसरणार नाहीस हे मला माहीत आहे. तू फक्त वेलांट्या विसरतेस, आणि त्या मी लहानपणापासून माझ्या पदरच्या घालून वाचत आलो आहे.

इकडे सगळे ठीक. उसाचे गाळप बंद असल्यामुळे मशिनरीची खोलाखोल चालू आहे. आमच्या बॉयलिंग हाऊसमध्ये रस आटवायची भांडी घासून पुसून उघडी ठेवली आहेत. दाजी एकदा बघायला आले होते तेव्हा मला म्हणाले होते की गहिनी, एवढ्या मोठ्या भांड्यात भजी सोडली तर अख्खं कोपरगाव जेवेल. सगळे फिटर हसले होते. काल त्यातलाच एक जण दाजी कसे आहेत म्हणून विचारत होता. त्याला कळलेलेच नव्हते. मी बरे आहेत असे सांगून टाकले. का सांगितले ते मला विचारू नकोस.

अक्का, लोकांच्या लेखी ते माझे दाजी. पण राहुरीच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेली आम्ही माणसे. तुझे स्थळ मीच सुचवले. तू पुढे कित्येकदा त्याबद्दल मला शिव्या घातल्यास, आणि ते ऐकून दाजी खूश व्हायचे.

पंचमीला येऊ नको म्हणालीस, ते बरे केलेस. खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले. पोळ्याला बघू, नाहीतर दसऱ्याला. कुणाची घाई आहे?

बनू नमस्कार सांगते. लेकरे आत्याची आठवण काढतात. तब्येतीला जप. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा धाकटा
गहिनीनाथ


बोरवस्ती
दि. १९ सप्टेंबर १९९४

चि. गहिनीनाथ यास अक्काचे आशीर्वाद.

पोळा गेला, गणपतीबी गेले. पोळ्याला भावकीतल्या सगळ्या बैलांना निवदाला साधी पोळी. कुरडई न्हाई, भजं न्हाई. गावातल्या बाकीच्या आळीतनं तळणाचा वास सुटला हुता आन आमच्या आळीतली लेकरं वाऱ्याकडं तोंड करून उभी हुती. मला कुणी एका शब्दानं बोललं न्हाई. बोलले असते तर बरं झालं असतं, मीबी दोन शब्द उलटे दिले असते.

घाई कुणाची म्हणून इचारलं हुतंस. ऐक आता.

परवा काकासाहेब भावजी आले. ओट्यावर बसले. कांद्याच्या रोपाचं बोलले, विहिरीच्या मोटारीचं बोलले, बोलण्यातच मोटार पुन्हा एकदा दुरुस्त केली, आन च्या न पिता उठले. सख्खा भाऊ गेलेला माणूस, त्यांना काय म्हणायचं हुतं ते मला त्यांच्या पाठीकडं बघून कळलं. त्यांच्या शालनचं लगीन वैशाखात झालं. ह्या दिवाळीला तिचा दिवाळसण. जावई पहिल्यांदा सणाला येणार, आन सासऱ्याच्या घरात कढई चढलेली न्हाई. जावयापुढं काय ठेवायचं, शेंगदाणे?

जाऊबाईला, रंगुबाईला मी खोदून इचारलं तवा तिला रडू फुटलं. शालनच्या सासूनं श्रीरामपूरहून निरोप धाडलाय की तुमच्याकडं दुखवटा हाय तर ऱ्हाऊ द्या, आमी पोरीला धाडत न्हाई, तिचा पहिला सण आमच्यातच करू. वरनं गोड हाय. पण शालन सांगत हुती की घरात सासू येताजाता बोलती, की सुनेच्या पायगुणानं चुलता गेला. लगीन झालं आन दोन महिन्यात गेला. पोर दिवाळीला माहेरी आली न्हाई, मानानं तिचा सण झाला न्हाई, तर ते बोलणं तिला जल्मभर चिकटंल.

गहिनी, शालनला मी न्हाऊमाखू घातलंय. ह्यांची तर ती लेकच. तिच्या लग्नात सगळ्यात जास्त घसा ह्यांनीच फोडला. मला तो शिक्का नको, आजबी नको. पण माझ्या नकोपायी पोरीचं वाटोळं व्हायला नको. तवा तू दसऱ्याला ये. तेल घेऊन ये. काय व्हायचं ते होईल माझं.

शालन गौरीला आल्ती तवा माझ्याजवळच झोपली. आता तिला निरोप धाडलाय की मामा येतोय, काळजी करू नको. उत्तर धाड. बनूला आशीर्वाद.

अक्का


कोपरगाव
दि. १ ऑक्टोबर १९९४

ती. अक्काच्या चरणी शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचले. शालनच्या सासूचा राग आला. वाटले, तसेच श्रीरामपूरला जावे आणि त्या बाईला विचारावे की कावीळ पायगुणाने होते हे कुठल्या डॉक्टरने सांगितले.

इकडे प्लेगचा बोभाटा आहे. सुरतेची बातमी आल्यापासून कॉलनीत मेलेला उंदीर दिसला की शाळा सोडून देतात. एस.टी.त लोक तोंडाला रुमाल बांधून बसतात, कोण कुठला ते ओळखू येत नाही. बीडकडेही आहे म्हणतात, म्हणजे नगर जिल्ह्याच्या उंबऱ्यावरच. तू पाणी उकळून पी. धान्याच्या कोठीखाली बघत जा.

दसऱ्याला आमचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो. साहेब रजा देताना तोंड वाकडे करतात. पण मी मागून घेतली आहे. दसऱ्याच्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो. तेलाचा डबा बनूने भरून ठेवला आहे. काकासाहेबांना सांग, शालनच्या सासरी आमंत्रण धाडा म्हणावे. येतो म्हणजे येतो.

तुझा
गहिनीनाथ


बोरवस्ती
दि. १६ ऑक्टोबर १९९४

गहिनीनाथ यास,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात.

दसऱ्याला मी फळीवरनं कढई काढली. चिंचेनं घासली, राखेनं घासली. उन्हात वाळवली. पीठ चाळून ठेवलं. माझ्या जिवाचं काय झालं ते माझं मला ठाऊक, पण मी ते केलं. भावकीतल्या बाया नवी लुगडी नेसून माझ्या ओट्यावर येऊन बसल्या हुत्या. थोरले चुलत सासरे, ज्यांना उठता येत न्हाई, त्यांना खाटेसकट आणलं. काकासाहेब भावजी दुपारच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभे राहिले. गाडी आली. मग सांजची आली. ते अंधार पडल्यावर एकटेच आले आन सोनं वाटून टाकलं. बाया उठून गेल्या.

रंगुबाई जाताना मला म्हणाली की गाडी बिघडली आसंल, कामच निघालं आसंल. माझ्या भावाची बाजू माझ्यापुढं ती घेत हुती! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमंत्रण गेलंय. लक्ष्मीपूजनाला जावई येणार. आता बोलावणं माघारी घेतलं तर शालनला तोंड दाखवायला जागा न्हाई, आन कढईशिवाय सण केला तर भावकी भावजींच्या दारात पाय ठेवणार न्हाई.

नवरा गेला तो माझा. लुगड्याचा रंग बदलला तो माझा. मी उभी राहते म्हणते, आन तू बापयमाणूस असून कुठं लपून बसलास? तुला येणं जमत नसंल तर तसं लिव. मी थोरल्या सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवीन, माझा भाऊ मेला म्हणीन, आन दुसऱ्या कुणाच्या हातनं चढवू द्या म्हणून इनवीन.

पुष्पावती


कोपरगाव
ता. १९ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना बनूचा पाया पडून नमस्कार.

माझं अक्षर लागंल तसं वाचा. तुमचं पत्र यांनी वाचलं आन उशीखाली घातलं. मी काढून वाचलं. रागावू नका. हे पत्र लिवते ते यांना ठाव न्हाई.

वन्सं, हे दसऱ्याला निघाले हुते हो. देवाशपथ निघाले हुते. मी डबा बांधून दिला. नवा सदरा घातला. रातच्याला डबा घेऊन परत आले. म्हनले गाडी चुकली. मला वाटलं आसंल. मग शेजारची मावशी नगरला लेकीकडं गेल्ती ती आली, ती म्हनली की तुझा नवरा माझ्याच गाडीत हुता. राहुरी ष्टँडवर उतरला, तिथनं तुमच्या वस्तीची गाडी लागलेलीबी हुती. हे बाकड्यावर बसले. डबा मांडीवर. ती गाडी सुटून गेली तरी बसलेलेच. मावशीनं हाक मारली तर ओळखच दिली न्हाई.

दुसरं सांगते. सोयऱ्याला कसला दुखवटा? आमच्या घरात न्हाई ना कायबी. पन दाजी गेल्यापासनं यांनी घरात कढई चढवू दिली न्हाई. गणपतीला मी लेकरांसाठी भजी सोडली तर हे भरल्या ताटावरनं उठले आन कालव्यावर जाऊन बसले, ते हातापाया पडून आनले. आता लेकरं शेजारी जाऊन पापड खात्यात आन तोंड पुसून घरी येत्यात. मी इचारलं तर बोलत न्हाईत. दवाखान्यात दाजीपाशी शेवटाला हेच हुते, तिथं कायतरी झालंय. मला वाटतं तुमालाच सांगतील, मला सांगायचे न्हाईत. मी काय, मी बायको.

तुमी त्यांना मेला म्हनू नका वन्सं. निम्मा तसाच झालाय. डबा तसाच बांधलेला हाय, मी गाठ सोडली न्हाई.

लेकरांवर आन माझ्यावर दया ऱ्हाऊ द्या.

तुमची बनू


कोपरगाव
दि. २१ ऑक्टोबर १९९४

ती. अक्काच्या चरणी नमस्कार.

आशीर्वाद दिला नाहीस, बरोबर केलेस. तरी हे पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी राहुरीपर्यंत आलो होतो. पुढे पाय उचलला नाही. का, ते कुणालाच सांगितलेले नाही. तोंडाने सांगता आले नसते म्हणून लिहितो.

दवाखान्यात तू त्या दिवशी कपडे धुवायला नळावर गेली होतीस. बाहेर गेटपाशी भज्यांची गाडी लागते, तिचा वास वॉर्डात यायचा. दाजींना त्या दिवशी जरा हुशारी होती. मला जवळ बोलावून म्हणाले की गहिनी, एक कांदाभजे आणून दे, कुणाला कळणार नाही. मी नाही म्हणालो. डॉक्टरांनी तेल बंद केले होते आणि ते बरोबरच होते, आजही मी नाहीच म्हणेन. पण दाजी लहान पोरासारखे रुसले, भिंतीकडे तोंड केले. मला ते बघवेना. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो की तुम्ही बरे होऊन घरी चला, तुमच्या घरची पहिली कढई मी चढवतो, माझ्या घरचे तेल घेऊन येतो, माझ्या हाताने भजी काढतो, पोट फुटेपर्यंत खा. तेव्हा हसले. वचन दे म्हणाले. मी दिले. मीठ नीट घाल, असेही म्हणाले.

आता सांग. पहिली कढई, माझ्या घरचे तेल, माझा हात. मी जे त्यांना बरे होण्यासाठी बोललो, ते सगळे अक्षर न् अक्षर तुमच्या भावकीने माझ्याकडून मागितले, ते गेले म्हणून. माझ्या तोंडून तेव्हा दुसरे काहीही निघू शकले असते. सिनेमाला नेतो म्हणालो असतो, शिर्डीला नेतो म्हणालो असतो. हेच कसे निघाले? राहुरीच्या स्टँडवर तेलाचा डबा मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मला वाटले, मी त्यांना घरी न्यायच्या ऐवजी पोचवायलाच निघालो आहे.

मी भित्रा आहे म्हण. शालनच्या सणाचे मला दिसत नाही असे नाही. मी तिचाही मामा आहे. पण माझ्याच्याने होत नाही, अक्का. मेला म्हणायचे असेल तर म्हण, पण दुसऱ्याच्या हातून करून घे.

तुझा
गहिनीनाथ


बोरवस्ती
दि. २५ ऑक्टोबर १९९४

चि. गहिनी, माझ्या बाळा,

मागचे राहिलेले आशीर्वाद धरून सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीपुढं बसून वाचलं. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. मग मोठ्यानं रडले. तेराव्यापासनं अशी रडले नव्हते, रंगुबाई भिंतीवरनं वाकून बघायला लागली.

मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी कपडे वाळत घालून आले तवा हे हसत का हुते, हे मी किती इचारलं, मला सांगितलं न्हाई. तुमचं दोघांचं असंच. बोर्डिंगापासनं.

आता थोरली म्हणून सांगते ते ऐक. तू वचन दिलंस ते भावकीला न्हाई, ह्यांना दिलंस. ते बरे झाले तरच ते वचन लागू, असं आपण म्हणतो. पण ते जाणारच हुते, तुझ्यामाझ्या हातात नव्हतं ते. आता ते मागायला येणार न्हाईत, तू दे न दे. दुसऱ्या कुणाच्या हातनं कढई चढली तर ते रुसलेलेच राहिले, भिंतीकडं तोंड करून. तसं मी त्यांना कसं ठेवू?

पुऱ्या नको. रीतीच्या पुऱ्या असतात, मी थोरल्या सासऱ्यांना इचारून आले. कांदाभजी करायची म्हटलं तर ते ह्यांचं नाव घेऊन म्हणाले की आबासाहेबाला आवडत हुती, व्हय, भजीच करा. कांदा मी चिरीन. पीठ तू कालव. वसुबारसंला ये. जमंल तसं कर, आमी काय तुझा हात बघायला बसणार न्हाई. काकासाहेब भावजी राहुरी ष्टँडवरच येऊन थांबतील, तिथल्या बाकड्यापाशी.

ये रे.

तुझी अक्का


॥ श्री ॥

बोरवस्ती
दि. १ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. बनू हिस वन्संचे अनेक आशीर्वाद.

गहिनी आज दुपारपर्यंत तुझ्याकडं पोचंल. त्यानं तुला काय सांगायचं ते सांगू दे. मी माझं सांगते.

काल आला. भावजींनी त्याला दंडाला धरूनच आणलं, जसा काय नवरदेव. डबा तुझ्या गाठीसकट हुता. अंगणात चूल मांडली. सगळी भावकी बसली. त्यानं कुणाकडं वर बघितलं न्हाई. कढई चढवली, तेल ओतलं, पीठ कालवलं. मी कांदा चिरून दिला आन त्या निमतानं डोळे पुसून घेतले, तू हसू नको. पहिला घाणा तेलात इतक्या वरनं सोडला की तेल मनगटावर उडालं. फोड आलाय, बघ आन लोणी लाव. पहिलं भजं ह्यांच्या नावानं पानावर ठेवलं. दुसरं मला भरवलं. मग कढई उतरली तशी तो धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून जो बसला तो उठलाच न्हाई. त्यानं एकबी भजं खाल्लं न्हाई.

बरं झालं खाल्लं न्हाई. बनू, त्यानं पिठात मीठच घातलं नव्हतं.

माझ्या तोंडात घास गेला तवाच मला कळलं. गिळला. मग पान फिरलं. थोरल्या सासऱ्यांना एकबी दात न्हाई, त्यांनी दुसरं मागून घेतलं. काकासाहेब भावजी खाली मान घालून खात राहिले. एका लेकरानं तोंड उघडलं तर रंगुबाईनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की ते बिचारं तसंच चावायला लागलं. परात पार रिकामी झाली. जाताना एकेक जण गहिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला की भजी लई चांगली झाली हुती. एवढी माणसं आन एकाच्या तोंडनं मीठ निघालं न्हाई. ह्या भावकीला मी आयुष्यभर नावं ठेवली गं, आता पुन्हा ठेवायला जीभ उचलायची न्हाई.

आज सकाळपासनं आळीत सगळ्या घरांतनं वास सुटलाय. शालन आल्ये, चकल्या पाडतीये. परवा जावई येतील. तिची सासूबी येणार हाय म्हणे. येऊ दे, तिच्या पुढ्यात मी ताट वाढीन.

तूबी आता घरात कढई चढव. तो उठून जाणार न्हाई आता. गेला तर जाऊ दे, परत येईल. मीठ आठवणीनं घाल. पन ह्या मिठाचं त्याला कधी सांगू नको, माझी शपथ हाय तुला.

काल सगळे खात हुते तवा मी माजघराच्या दाराला टेकून बसले हुते. ह्यांची जागा तिथंच, आतल्या बाजूला. भाजीत खडा मिठाचा कमी पडला तर हा माणूस ताट सरकवून अख्खं गाव गोळा करायचा, आन इथं परातभर भजी अळणी. मी वाट बघत हुते गं. येडी म्हण मला, पन कान देऊन बसले हुते. सगळ्यांनी खाल्लं, हात धुतले, आन कुणी ओरडलं न्हाई.

तवा कळलं मला. गेले ते.

लेकरांना जवळ घेऊन माझा मुका दे. माझी आठवण ठेव.

तुझी वन्सं
पुष्पावती